हॉलंडला पोचवलेली घोंगडी

परभणीला परत आल्यापासून ज्याला त्याला माझ्या तोंडून विलायत ऐकायची असते. तिथे गाई खरंच काळ्यापांढऱ्या असतात का, लोक खरंच कागदानं पुसतात का, असले प्रश्न. मी मँचेस्टरला तीन वर्षं कापसाचं सूत काढायला शिकलो, त्यात सांगण्यासारखं काही नाही. धूर होता आणि बटाटे होते. सांगण्यासारखे दिवस दोनच, आणि ते हॉलंडातले. तो देश मला आवडला नाही, हे आधीच सांगून टाकतो. नंतर कोणी म्हणायला नको की माधवरावांनी भूल घातली.

तिथे जायचं कारण दोन मित्र. रशीद परभणीचाच, त्याच्या वडिलांचं स्टेशनजवळ घड्याळदुरुस्तीचं दुकान. तो जर्मनीत यंत्रं शिकत होता. नामदेव पाथरीजवळच्या धनगरवस्तीवरचा, तो हॉलंडात मेंढ्या शिकत होता. धनगरानं मेंढ्या शिकायला समुद्र ओलांडायचा म्हणजे कोळ्यानं पोहायला काशीला जायचं, पण सरकारला हे कोण सांगणार. मी बोरीचा, घरची जमीन बरी, म्हणून शाळेच्या वसतिगृहात थोडा रुबाब करायचो. आम्ही तिघांनी शाळा उर्दूतून सुरू केली आणि पोलीस ॲक्शननंतर मराठीतून संपवली, त्यामुळे दोन्ही भाषा कच्च्या राहिल्या. निघताना परभणीच्या फलाटावर तिघांनी हातावर हात मारून ठरवलं होतं की शिकायचं आणि तिघांनीही परत यायचं. मी निघालो तेव्हा हैदराबाद राज्यातून निघालो. वर्षभरात पत्र आलं की आपण आता मुंबई राज्यात आहोत. बोरी जागची हलली नव्हती, पण माझ्या कागदपत्रांवरचा पत्ता मात्र खोटा ठरला होता.

मँचेस्टर, परसदार

हॉलंडला निघायच्या आठवड्यात घरून कापडात शिवलेलं एक पार्सल आलं. आत काळी घोंगडी आणि आमच्या थोरल्या भावाची चिठ्ठी. नामदेवाचे वडील सोपानकाका पाथरीहून एसटीनं आमच्याकडे आले होते. हॉलंडचा पत्ता त्यांच्या गावच्या गुरुजींना लिहिता येईना, आणि माझे मँचेस्टरचे छापील पत्ते आमच्या घरी पडलेले. भावानं लिहिलं होतं: ‘घोंगडी नामदेवाच्या हातात दे. जशी आहे तशी दे, असं काका दोनदा म्हणाले. बाकी काही बोलले नाहीत. चहासुद्धा घेतला नाही.’

आता जशी आहे तशी म्हणजे काय, तर मेंढीच्या वासासकट. माझ्या घरमालकिणीनं नाकाला रुमाल लावला आणि मला घोंगडीसह परसदारी काढलं. मी दोरीवर टाकून काठीनं ती बडवली. पाथरीची निम्मी धूळ मँचेस्टरात सांडली. शेवटच्या घडीतून मूठभर काळी लोकर पडली, लाल दोऱ्यानं बांधलेली. मला हसू आलं. पोरगा विलायतेत शास्त्रोक्त मेंढ्या शिकतोय आणि बाप नजर लागू नये म्हणून तोडगे पाठवतोय, असं मी मनाशी म्हटलं. लोकर कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि हात साबणानं धुतले.

शनिवार, बाजार

बोटीतल्या रात्रीबद्दल बोलत नाही. पोटात होतं ते समुद्राला दिलं आणि सकाळी रिकामा होऊन हॉलंडात उतरलो.

हॉलंड म्हणजे काय, तर एक पाटी. कोणी तरी पुसून ठेवलेली. ना डोंगर, ना टेकाड, ना नांगरताना आडवा येणारा दगड. आमच्याकडे पाण्यासाठी माणूस खाली खणत जातो, इथे पाणी डोक्यावर आणि माणूस खाली. समुद्राला बांध घातलाय आणि त्याच्या पायथ्याशी हे लोक शांतपणे दारं रंगवत बसलेत. याला लोक शौर्य म्हणतात. आमच्या गावी नाल्याच्या पात्रात घर बांधणाऱ्याला वेगळं नाव आहे.

खेड्याच्या लहानशा स्टेशनावर नामदेव सायकल घेऊन आला होता. गळ्यात टाय आणि पायात लाकडी जोडे, खोडातून कोरून काढलेले. चालला की फरशीवर खुंटी ठोकल्यागत आवाज. दोन वर्षांनी भेट, मला वाटलं होतं मिठी मारेल. त्यानं हात पुढे केला.

“कसा हायेस माधव? लय वाळलास,” तो म्हणाला, आणि मग त्यालाच राहवलं नाही, त्यानं मला सायकलीसकट कवेत घेतलं.

रशीद आदल्या दिवशीच आला होता. तो मागून म्हणाला, “माधो मियाँ, तुमारी टोपी तो लॉर्ड साब की दिखरी.” ती हॅट मी खास या भेटीसाठी घेतली होती. नामदेवाच्या सायकलीच्या मागच्या कॅरियरवर बसून निघालो, आणि पहिल्याच पुलावर वाऱ्यानं ती उचलून कालव्यात टाकली. एका म्हाताऱ्यानं बांबूच्या आकड्यानं ती बाहेर काढली, पाणी निथळवलं आणि माझ्या हातात दिली. हसला नाही. हसला असता तर मला निदान रागावता आलं असतं.

नामदेव ज्या शेतकऱ्याकडे राहत होता, त्या नवराबायकोला मूलबाळ नव्हतं. घराला ही मोठी खिडकी आणि तिला पडदाच नाही. आपल्याकडे खिडकी बाहेर बघायला असते, इथे बाहेरच्यानं आत बघून खात्री करून घ्यायला असते की घर झाडलंय. बाईनं कॉफी दिली. मग पत्र्याचा डबा आणला, झाकण उघडलं, प्रत्येकासमोर धरला, प्रत्येकानं एक बिस्कीट उचललं आणि झाकण बंद झालं. मी बोटीत उपाशी आलेला माणूस. डबा फडताळात गेला तोवर मी त्याच्याकडे बघत होतो. बोरीत पाहुण्याच्या पानात नको म्हणेपर्यंत वाढतात आणि नको म्हटल्यावरही वाढतात. रशीद हळूच म्हणाला, “ये लोगां मेहमान कू गिनके खिलातें.”

मग मी घोंगडी काढून दिली. नामदेवानं ती खाली अंथरली आणि तिच्यात तोंड खुपसून बसला. शेतकऱ्याची बायको आदबीनं दुसरीकडे बघू लागली. मग तो काठाकाठानं हात फिरवत गेला, चारही टोकं उलगडली, घडी मोडली, परत चाचपली.

“चिठ्ठी नाही,” मी म्हणालो. “काकांना लिहिता कुठं येतं?”

“चिठ्ठी न्हाई बगत,” एवढंच तो म्हणाला, आणि घोंगडीची घडी घातली.

जेवायला म्हणून जे मिळालं ते पावाचे तुकडे आणि त्यावर चॉकलेटचा चुरा. मोठी माणसं, मिशा असलेली, हे लहान मुलांचं खाणं काट्याचमच्यानं खात होती. त्या दिवशी त्या गावात गुरांचा बाजार होता, तिकडे गेलो तर दारातच एक जण कच्चा मासा शेपटीला धरून कांद्याबरोबर घशात सोडत होता. या देशात सरपणाची काय टंचाई आहे कळेना. नामदेवानंही एक घेतला, मान मागे टाकली आणि गिळला. पाथरीचा पोरगा. मी रशीदकडे बघितलं, रशीदनं आभाळाकडे.

बाजार मात्र बघण्यासारखा होता, म्हणजे हसण्यासारखा. आपल्याकडे दलाल रुमालाखाली हात घालून बोटं दाबतो, भाव दोघांनाच कळतो, भोवतालच्या शंभर माणसांना नुसता अंदाज. हे लोक भर चौकात एकमेकांच्या पंजावर पंजा मारत, ओरडून भाव सांगत होते. सगळ्या गावाला ऐकू जाईल असा. यात कसली मजा, मी विचारलं. नामदेव म्हणाला, “हितं लपवायला काई न्हाई.” मी म्हणालो, लपवायला काही नसेल तर धंदा कशाला करायचा.

तेवढ्यात आमच्यासमोर एक गाय विकली गेली. विकणाऱ्यानं गळ्यातल्या दोरासकट ती घेणाऱ्याच्या हाती दिली आणि खिशात हात घालून चालू लागला. मला चीड आली.

“दावंसुद्धा देऊन टाकलं. बघ रे रशीद. आमच्या घरी बैल विकला तर दावं काढून घेतात. जनावर जातं, दावं घरात राहतं. नाहीतर गोठ्याची बरकत गेली म्हणायची. आणि हे म्हणे दुधाचा देश.”

नामदेव गाईकडेच बघत होता. म्हणाला, “आमच्यात दावं नसतंय. मेंढराला कशाचं दावं. कळप विकला तर म्होरक्या मेंढ्याची दोन मुठी लोकर कापून ठेवतेत. एक मूठ देवाजवळ. अन् एक मूठ पोराला. पोरगं लांब आसलं तर धाडून देतेत. मंग त्याला कळतंय की कळप गेला, आता त्यानं त्याच्या वाटंनं जावं.”

मी हातातली ओली हॅट फिरवत उभा राहिलो.

“बाबाचे गुडघे गेलेत,” तो म्हणाला. “गायरानात बी लोकांनी नांगर घातला म्हनं. मला वाटलं व्हतं, बाबा धाडील. माधव, पार्सलात आनखी काई व्हतं का?”

इथे थांबून खरं सांगायला हवं. मला सगळं कळलं होतं. लाल दोरा, कचऱ्याचा डबा, साबण, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं. सांगणं अवघड नव्हतं. पण सांगितलं असतं तर मी गावंढळ ठरलो असतो, दोन वर्षं विलायतेत काढून धनगराची खूण न कळलेला. आणि दुसरी गोष्ट त्याहून वाईट. तो हॉलंडात राहिला तर? रशीद जर्मनीतून परत येणार नाही हे त्याच्या पत्रांवरून मला कळून चुकलं होतं. म्हणजे परभणीच्या फलाटावर मी एकटाच उतरणार. मला त्याची भीती वाटत होती, आणि ती भीती मी महिनोन् महिने टिंगलीखाली दाबून ठेवली होती.

“काय असणार?” मी म्हणालो. “धूळ होती, ती झटकली.”

“मंग हाय म्हनायचा कळप,” नामदेव म्हणाला, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

रविवार, बांध

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आम्हाला समुद्राच्या बांधावर घेऊन गेला. बांधाच्या उतारावर त्याच्या मेंढ्या चरत होत्या, पांढऱ्या, गुबगुबीत, पिंपासारख्या. सोबत ना कुत्रं, ना काठी, ना धनगर. कुंपण राखण करतं आणि मालक घरात पेपर वाचतो. वारा असा की शब्द तोंडातून निघाला की जर्मनीत जाऊन पडे. मी म्हणालो, या मेंढ्यांना पाथरीच्या उन्हात चार दिवस सोडा, पाचव्या दिवशी चरबीचा दिवा लावता येईल. रशीद हसला. नामदेव हसला नाही.

“म्हाताऱ्यानं मला राहा म्हनलंय,” तो म्हणाला. म्हातारा म्हणजे शेतकरी. “सहा म्हैने झाले विचारायलाय. त्यांच्या मागं कोनी न्हाई. मेंढरं, घर, समदं तूच बग म्हनतोय.”

“आणि तू?”

“मला हितं लय आवडतंय.” त्यानं हे अगदी साधेपणानं सांगितलं. “कोनी जात इचारीत न्हाई. मेंढराचं काम म्हनलं की मान देतेत. आपल्याकडं मी परभणीच्या हापिसात गेलो तर अजून बी दाराशी उभं करतेत, तुला ठाव न्हाई. तुला आत बोलवतेत.”

रशीद म्हणाला, “तो रह जा रे. मैं भी नै जारा. मेरे अब्बा की घड्याळां मेरे बिना बी चलतीं.”

“तुझ्या अब्बाला तुझे दोन भाऊ हायेत,” नामदेव म्हणाला. “माझ्या बाबाला मी अन् मेंढरं. आई गेल्यापासून तेवढंच. त्यांनी कळप इकला असता तर मला मोकळं केलं असतं. त्यांनी इकला न्हाई म्हंजे वाट बगायलेत. आज सांगतो मी म्हाताऱ्याला.”

माझ्या तोंडात खरं आलं होतं. वारा होता, समुद्र होता, तिघंच होतो. याहून सोपी जागा मिळाली नसती. पण मी काय बोललो, तर भाषण. आपली माती, आपली माणसं, दिलेला शब्द, फलाटावरचा हात. उंटावर बसून शेळ्या हाकणारे मी पुष्कळ पाहिलेत, त्या दिवशी मी मेंढ्याही हाकल्या. रशीद माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, “माधो, तू हॉलंड कू गाली देतां देतां आज पैली बार मीठा बोलरा.”

दुपारी कॉफीच्या वेळी नामदेवानं त्यांच्या भाषेत शेतकऱ्याला सांगितलं. मला शब्द कळले नाहीत, पाथरी तेवढं कळलं. शेतकऱ्यानं बराच वेळ टेबलावरचे कण एका बोटानं गोळा केले. मग उठून नामदेवाशी हात मिळवला, बाजारात सौदा झाल्यावर मिळवतात तसा. त्याच्या बायकोनं डबा आणला, झाकण उघडलं, सगळ्यांपुढे धरला आणि टेबलावर तसाच उघडा ठेवून आत निघून गेली. कितीही घेता आली असती. मी एकही बिस्कीट घेतलं नाही.

संध्याकाळच्या गाडीला नामदेव पोचवायला आला. मी मँचेस्टरला परतलो. कचऱ्याची गाडी गुरुवारीच येऊन गेली होती, पण मी डबा उघडून पाहिला.

पाथरी

पुढच्या वर्षी नामदेव आणि मी एकाच बोटीनं परतलो. रशीद आला नाही. बोटीवर सतरा दिवस होते, सतरा वेळा सांगता आलं असतं. नामदेव रोज कागदावर गोठ्याचे नकाशे काढायचा, दगडी जोतं, वारा कुठून यायला हवा, पिल्लांना कुठं ठेवायचं. मी त्याला पेन्सिलींना टोकं करून द्यायचो.

मानवत रोडला गाडीतून उतरून एसटीनं पाथरी, तिथून पायी वस्तीवर. मेंढरं कोंडायचा बाभळीच्या काट्यांचा वाडगा दुरून दिसला. त्यात गवत वाढलेलं होतं, गुडघ्याएवढं. मेंढरं असलेल्या वाडग्यात गवत उगवत नाही, हे बोरीच्या माणसालाही कळतं. नामदेव वाडग्याच्या तोंडाशी जरा उभा राहिला. नकाशांची गुंडाळी त्याच्या काखेत होती.

सोपानकाका दारात बाजेवर बसले होते. उठायला त्यांना दोन्ही हात टेकावे लागले. पोराच्या तोंडावरून हात फिरवून झाला, रडून झालं, मग म्हणाले, “कामून आलास रं? मी लोकर धाडली व्हती की. तुला मोकळं केलं व्हतं. मिळाली न्हाई का?”

नामदेवानं माझ्याकडे बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. झटकलेली धूळ, बाजारातला प्रश्न, बांधावरचं माझं भाषण, बोटीवरच्या पेन्सिली, त्याला एक एक करून सगळं उमगत गेलेलं मी बघत होतो. मग तो बापाकडे वळला.

“मिळाली की, बाबा. तरी बी आलो.”

म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला की मला खाली बघावं लागलं. पोरगा मेंढरांसाठी नाही, आपल्यासाठी आला. त्यांनी आत जाऊन देवाजवळची मूठ आणली, काळी, लाल दोऱ्यानं बांधलेली. म्हणाले, “मंग तुझी काढ. दोन्ही मुठी जोडून ठिवू. पोरगं घरी आलं की जोडतेत.”

नामदेव ट्रंकेपाशी गेला. आमच्याकडे पाठ करून त्यानं घोंगडी काढली आणि किती तरी वेळ तिच्या काठाशी खटपट करत बसला. परत आला तेव्हा त्याच्या हातात काळ्या लोकरीचा एक लहानसा गुंता होता. सोपानकाकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. त्यांनी गुंता बोटांत धरला. ज्यानं जन्मभर लोकर हाताळली, त्याला कातलेली आणि न कातलेली कळायला डोळे लागत नाहीत. बोटं थांबली, परत फिरली, परत थांबली. मग त्यांनी तो गुंता आपल्या मुठीशेजारी ठेवला आणि दोन्हींना मिळून दोरा गुंडाळला.

शेजारची बाई चहा घेऊन आली. सोपानकाकांनी पहिली कपबशी माझ्यापुढे केली.

“माधवराव,” ते म्हणाले, “जशी दिली तशी पोचविलीत. लय उपकार झाले.”

मी चहा बशीत ओतला आणि प्यायलो.